उपरणेवाल्याच्या शहरातलं धुकं

सकाळी रुद्र म्हणणारा आणि दुपारी गुंडांना भिंतीवर आपटणारा घनपाठी ब्राह्मण सगळ्या काशीत शोधून एकच सापडेल, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. माझ्या यजमानांचे हे मित्र, म्हणून मी त्यांना भावजी म्हणते आणि ते मला वहिनी म्हणतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, भावजींची बायकोही गेली, पण नाती तशीच राहिली. दुर्गाघाटाच्या वरच्या अंगाला आमची गल्ली आहे. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, त्यांची श्राद्धं भावजी करतात आणि जेवण मी घालते. म्हणजे यात्रेकरूंचे पितर त्यांच्याकडे आणि पोट माझ्याकडे, अशी आमची वाटणी. भावजींचं दुपारचं ताटही मीच वर नेऊन देते. एकदा त्यांनी पोहे भिजवायचे सोडून उकळले, तेव्हापासून मी त्यांना शेगडीजवळ जाऊ देत नाही.

भावजींचं सगळं पाठ असतं. घनपाठी म्हणजे वेदातली ओळ सरळ, मग उलटी, मग पुन्हा सरळ अशी गुंफून म्हणणारा. पुस्तक उघडणं या लोकांत कमीपणाचं मानतात. भावजींनी हीच सवय सगळ्या आयुष्याला लावली. गल्ली पाठ, घाटाच्या पायऱ्या पाठ, कोणत्या वळणावर कोणाचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं तेही पाठ. दूधवाल्याला ते पावलांवरून ओळखतात. ताटात मी काय कुठे वाढते हेसुद्धा पाठ. एकदा मी मीठ चुकून उजवीकडे वाढलं, तर म्हणाले, "वहिनी, आज पाठभेद झाला." चालताना ते खाली बघत नाहीत आणि समोरही बघत नाहीत. मान वर, ओठ हलते, आणि मोटारसायकलवाली पोरं भोंपू वाजवत अंगावर आली की बरोबर कडेला सरकतात. गल्लीच्या तोंडाशी एक पांढरा सांड बसतो. भावजी येताजाता त्याच्या पाठीला हात लावून नमस्कार करतात. मागच्या पावसाळ्यात सांड कुठेतरी भटकायला गेला होता आणि पानवाल्याने त्याच्या जागी पांढरं कापड घातलेली स्कूटर उभी केली होती. भावजींनी तिला हात लावला, नमस्कार केला आणि पुढे निघाले. पानवाला ओरडला, "का गुरु, अब एकरो पूजा होई?" भावजी मागे न वळता म्हणाले, "वाहन तो वाहन है." सगळी गल्ली हसली. मीही हसले. विक्षिप्त माणसाचं एक बरं असतं, त्याने काहीही केलं तरी लोक ते स्वभावाच्या खात्यात टाकतात आणि पुढे जातात.

ते यंत्र आलं दिवाळीत. भावजींची मुलगी नागपूरला दिली आहे, जावई बँकेत आहे. माणूस चांगला, पण सासऱ्यांच्या माडीवर उताणा पडून दिवसभर एक चपटं यंत्र दोन्ही हातांत धरून बोटं चालवत बसायचा. भावजींनी पुष्कळ दम धरला, मग विचारलं, "जावईबापू, हे अनुष्ठान कशाचं?" जावयाने समजावलं की हा खेळ आहे. एक वीरपुरुष आहे, त्याच्या अंगात अचाट शक्ती आहे. त्याचं शहर दुष्टांनी बळकावलं आहे. तो गच्च्यांवरून उड्या मारतो, भिंती चढतो, भुयारांत शिरतो, वाटा शोधतो, दुष्टांना बडवतो आणि शेवटी शहर सोडवतो. "आणि बाबा, हे सगळं हातातल्या हातात. प्रवासात बरं पडतं." भावजी म्हणाले, "दाखवा." त्यांनी यंत्र हातात घेतलं ते मी जेवायला हाका मारल्या तरी ठेवलं नाही. जाताना जावई ते इथेच सोडून गेला. मुलगी म्हणाली त्यांनी प्रेमाने दिलं. मला वाटतं, सासऱ्यांच्या हातून काढून घ्यायचा त्याला धीर झाला नाही.

या वीराच्या पाठीवर एक लाल फडका असतो. तो पसरून वीर हवेत तरंगत खाली येतो. भावजींनी पहिल्याच दिवशी त्याला उपरणं म्हटलं आणि वीराचं नाव उपरणेवाला पडलं. मग उपरणेवाल्याला नियम लागू झाले. हातपाय धुतल्याशिवाय यंत्राला शिवायचं नाही. प्रतिपदा, अष्टमी, अमावास्या, पौर्णिमा या दिवशी वेद शिकवत नाहीत, अनध्याय असतो, म्हणून त्या दिवशी गुंडांनाही सुट्टी. त्या शहराच्या मध्यावर एक उंच बुरूज आहे. तो देऊळ नाही असं जावयाने फोनवर परोपरीने सांगितलं, पण वर कळसासारखं काही आहे एवढं भावजींना पुरलं. त्या बुरजाला उजवी घालूनच, म्हणजे तो उजव्या हाताला ठेवूनच, उपरणेवाल्याने फिरायचं. डावीकडचं दार हाकेच्या अंतरावर असलं तरी सगळ्या शहराला वळसा घालून तिथे जायचं. खाण्याचंही तसंच. मार खाऊन वीर अर्धमेला झाला की वाटेत पडलेली भाजलेली तंगडी खायची, मग तो ताजातवाना होतो अशी त्या खेळाची रीत आहे. भावजी त्याला तंगडीवरून उडी मारून पलीकडे नेत. हिरव्या बाटलीतलं मात्र औषध म्हणून चालायचं. जावई चकित झाला. "बाबा, तंगडी न खाता तुम्ही इथवर पोचलात कसे?" भावजी म्हणाले, "आम्हाला उपासाची सवय आहे."

दर रविवारी दुपारी जावयाचा फोन यायचा आणि भावजी त्याला खेळाचे गुणदोष सांगायचे. फोनवर ते सभेत बसल्यासारखं बोलतात, त्यामुळे मला खाली भाकरी थापताना सगळं ऐकू येई. आधी गुण. पहिला गुण हा की यात कोणी हात धरून नेत नाही, मनाला येईल त्या गल्लीत शिरावं. दुसरा गुण भावजींचा लाडका होता. सुरुवातीला कितीतरी दारं बंद असतात. पुढे वीराला नवी शक्ती मिळाली की मागे फिरावं, तेच दार उघडतं. "याला म्हणतात अधिकार," भावजी ओरडायचे. "अधिकार नाही तोवर दार नाही. ज्याने हा खेळ रचला त्याच्या घराण्यात कोणीतरी गुरुकुलात राहिलेलं असणार." तिसरा गुण म्हणजे ते तरंगत खाली येणं. "तेवढा वेळ कोणी मारत नाही, कोणी बोलत नाही. फार बरं वाटतं." मग दोष. गुंड सगळे एकच, नुसते कपडे बदलून येतात. "पितृपक्षात एकच ब्राह्मण घरोघरी वेगवेगळ्या नावाने जेवतो, तसे हे." मारामारीत डोकं नाही, एकच बटण दाबत बसा, शत्रू पडतोच. उपरणेवाला बोलतो फार. मारताना बोलतो, मार खातानाही बोलतो. नकाशा असून नसल्यासारखा. आणि मेलं की फार मागे नेऊन टाकतात. "अहो, काशीत मेलं की माणूस सुटतो. इथे मेलं की पुन्हा भुयाराच्या तोंडाशी! हा खेळ रचणाऱ्याला मोक्ष ठाऊक नाही."

पण सगळ्यात मोठा दोष म्हणजे धुकं. त्या शहरात सदानकदा धुकं भरलेलं असतं, असं भावजींचं म्हणणं. दिव्यांभोवती कडी दिसतात, पाट्यांवरची अक्षरं विरघळलेली, आणि डावीकडून येणारा गुंड थेट छातीवर येईपर्यंत दिसतच नाही. "हे अधर्मयुद्ध आहे, जावईबापू." जावई म्हणाला, "बाबा, मला काही धुकं आठवत नाही. पडद्याचा उजेड वाढवून बघा." उजेड वाढवला. पुढच्या रविवारी भावजींनी कळवलं, "आता धुकं पांढरं झालं." जावयाला वाटलं यंत्र बिघडलं. मला वाटलं खेळच तसा असेल. बाहेर पौष चालू होता, घाटावर उभं राहून गंगा दिसत नव्हती, तेव्हा एका खेळात धुकं आहे याचं कोणाला नवल वाटणार? भावजींनीच त्याचा अर्थ लावला की दुष्टांनी शहर बळकावलं, तेव्हा धुकं त्यांनीच सोडलं असणार. पुढे पुढे तर ते त्याचं कौतुक करू लागले. "दोष आहे, पण भव्य दोष आहे," म्हणायचे.

एका दुपारी मी ताट घेऊन वर गेले, तर भावजी कपाळाला आठ्या घालून बसलेले. "वहिनी, बसा. तुम्हीच बघा आणि न्याय करा. या भुयारातून बाहेर जायला वाट ठेवलेली नाही. धुक्यात भिंती चाचपून कंटाळलो." मी आयुष्यात तो पडदा कधी धड बघितला नव्हता. पदराने हात पुसले आणि बघितलं. लख्ख चित्र होतं. लाल उपरणं, विटांची भिंत, भिंतीवर दिवा, आणि समोर हिरवंगार दार. माझं शिक्षण चौथीपर्यंत, वर इंग्रजीत काय लिहिलं होतं ते मला कळलं नाही, पण दार मला कळतं.

"दार आहे की समोर."

"कुठे?"

"तुमच्या उपरणेवाल्याच्या नाकासमोर. हिरवं."

भावजींनी त्याला पुढे नेलं. दार उघडलं. एरवी असं काही जमलं की ते "हर हर महादेव" म्हणायचे, खाली यात्रेकरू दचकायचे. त्या दिवशी त्यांनी नुसते डोळे चोळले.

"भावजी, धुकं कुठे आहे?"

"हे काय, सगळीकडे."

मी उठले आणि त्यांच्या उजव्या डोळ्यावर माझा तळवा ठेवला. "माझ्या हातात किती बोटं आहेत?"

"वहिनी, हा काय पोरखेळ! हात काढा."

"आधी सांगा."

"दोन."

"बोटं नाहीत. पळी आहे आमटीची."

डाव्या डोळ्याने त्यांना पळी दिसत नव्हती. पळीच काय, मी पण दिसत नव्हते, खिडकीच्या जागी नुसतं पांढरं काही दिसत होतं. उजव्याने दिसत होतं, पण गढूळ. किती वर्षं असं चाललं होतं कोण जाणे. गल्लीत, घाटावर, माझ्या ताटात त्यांना डोळे लागतच नव्हते, सगळं पाठ. साऱ्या जगात पाठ नसलेलं एकच शहर होतं, ते या यंत्रातलं, आणि तिथेच ते पकडले गेले.

मी स्पष्ट बोलणारी आहे. म्हटलं, "मोतिया पिकलाय तुमचा, मोतीबिंदू. माझे दोन्ही काढून झालेत, मला ठाऊक आहे. उद्या अस्पतालात जाऊ." भावजी एकदम कडक झाले. म्हणाले, "माझ्या वडिलांचा डोळा शिबिरात कापला आणि गेला. तेव्हापासून आमच्या घरात डोळ्याला कोणी सुरी लावलेली नाही." मी म्हटलं, तो काळ वेगळा होता. ते म्हणाले, "आणि मला डोळे लागतात कशाला? वेद कानात आहेत, काशी पायांत आहे." हे वाक्य त्यांनी बहुतेक आधीच तयार करून ठेवलं असावं, इतकं ठाशीव आलं. दुसरी बाई असती तर हात जोडून खाली उतरली असती. मी म्हटलं, "आणि घाटाची एखादी पायरी पुरात सरकली तर? ती तुम्हाला कळवून सरकणार आहे का?" ते जेवले नाहीत. मी झाकून ठेवून खाली आले.

मग बरेच दिवस आमचा अबोला. मी ताट ठेवायची, ते "हं" म्हणायचे. यंत्राला त्यांनी हात लावला नाही. रविवारी जावयाचा फोन आला तर त्याला म्हणाले, "सध्या अनध्याय आहे." मला मात्र धास्ती बसली. सकाळी त्यांच्या खडावा जिन्यावर वाजल्या की मी हातातलं काम सोडून ऐकत राहायची, परत वाजेपर्यंत. पाय चुकला तर खाली गंगा आहे, तिला कोणाचं काही पाठ नसतं. मुलीला फोन करावा असं मनात आलं, पण मग ती येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली असती. तिथलं त्यांना घरही पाठ नाही, ते एका खोलीत बसून राहिले असते.

आणि एका सकाळी भावजी धुतलेलं धोतर नेसून माझ्या दारात उभे. "चला."

"कुठे?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठे. तो शेवटचा राक्षस राहिलाय. धुक्यात तो मला आवरायचा नाही."

खरं कारण हेच होतं की दुसरं काही, ते मी विचारलं नाही. माणूस दारात आला की चपला घालाव्यात.

गल्ल्यांतून चालत मैदागीनच्या चौकापर्यंत आणि तिथून ई-रिक्शा. डोळ्यांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने दिवा मारून बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. "बाबा, इतना पका मोतिया लेकर आप चलते कैसे थे?"

"आदत से," भावजी म्हणाले.

"आदत नहीं, किस्मत से. और देर करते तो आँख ही जाती." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली की मोतिया इतका दाट आहे की आतला पडदा दिसतच नाही. काढल्यावर, पट्टी सोडल्यावरच कळेल डोळा शाबूत आहे की नाही. आधी काही सांगता येणार नाही.

आत नेताना भावजी मला म्हणाले, "वहिनी, डोळा गेला तर ते यंत्र जावईबापूंना परत द्या. आणि सांगा, माझं मत अपुरं राहिलं. त्यांनी ते कुठे बोलून दाखवू नये." मी म्हटलं, "गप्प पडून राहा." तेवढं त्यांनी ऐकलं नाही. नंतर डॉक्टर सांगत होती की सगळा वेळ बाबांचे ओठ हलत होते, ती दोनदा रागावली तेव्हा थांबले.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. मी समोरच उभी होते. रात्रभर मी कोणत्या देवाला काय बोलले ते इथे लिहीत नाही, देवाचं आणि माझं फारसं गूळपीठ नाही. भावजींनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. डोळ्यातून पाणी आलं ते औषधाचं होतं. त्यांनी भिंत बघितली, पंखा बघितला, डॉक्टरची ओढणी बघितली. मग माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून.

"अरेरे," ते म्हणाले. "वहिनी, किती म्हाताऱ्या झालात हो तुम्ही!"

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या बाकावर बसलेच. "तुम्हाला आत्ता कळलं," म्हटलं. "आरशात बघा, मग बोला." डॉक्टरला मराठी कळत नव्हतं, पण ती हसायला लागली. परतताना मी मैदागीनला अर्धा शेर जिलेबी घेतली, आणि मला गोड वर्ज्य आहे हे मला घरी पोचेपर्यंत आठवलं नाही.

डॉक्टरने परवानगी दिल्यावर त्यांनी यंत्र काढलं. राक्षस पडला. पुढच्या रविवारी जावयाला सुधारलेलं मत गेलं. धुक्याचा दोष मागे घेतला. अधर्मयुद्धाचा आरोपही मागे घेतला, गुंड डावीकडून चांगला दवंडी पिटत येतो. पण आता नवे दोष दिसले. सगळ्या घरांना एकच रंग फासला आहे, आकाश चितारताना आळस केला आहे, आणि राक्षसाचं तोंड तर आमच्या पोस्टमनसारखं आहे, त्याला मारताना वाईट वाटतं. तरंगण्याचा गुण कायम. शेवटी आवाज जरा उतरला. "एक सांगू का जावईबापू, धुकं होतं तेव्हा ते शहर फार मोठं वाटायचं."

आता फाल्गुन लागला आहे. दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायची आहे, त्याला त्यांनी कुरकुर केली नाही. ते पूर्वीसारखे सरसर चालत नाहीत, जागोजागी थांबतात. संध्याकाळी आम्ही घाटावर बसतो. ऊन आमच्या पाठीमागून जाऊन पलीकडच्या वाळूवर पडलेलं असतं. भावजी मला सांगत असतात. "ती बघा नाव. नावेत बाई आहे, पिवळ्या लुगड्याची. ती हात पाण्यात घालते आहे. तिकडे वाळूवर दोन कुत्री. एक काळं. ती पांढरी पाखरं उठली बघा, सगळी एकदम."

मी जन्मभर हे रोज बघत आले आहे. एक दिवस म्हटलंच, "भावजी, मला दिसतंय."

"असू द्या," ते म्हणाले, आणि पुढे सांगू लागले. मग मीही त्यांना थांबवलं नाही. नाव मणिकर्णिकेच्या बाजूला गेली, लहान झाली, मला दिसेनाशी झाली. त्यांना अजून दिसत होती.